येलदरीचा पास

बोलायला लागण्याआधी ते माईकवर नखाने दोनदा टकटक करत. मग खाकरत आणि म्हणत, "थांबा मंडळी. त्यांचं होऊ द्या, मग मी सांगतो."

'त्यांचं' म्हणजे पडद्यावरच्या गोऱ्या लोकांचं. जिंतूरला आमचं पत्र्याचं टाकीज होतं आणि मी तिथे दारावर तिकिटं फाडायला होतो. ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल की दिवसभर कागद फाडूनही माणूस किती दमतो. मालकांनी दुपारच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लावायला सुरुवात केली, पण गावात इंग्रजी कळणारे बोटावर मोजण्याइतके. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक स्टूल आलं, एक माईक आला आणि हे गृहस्थ आले. सकाळी ते तहसीलसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत आणि दुपारी आमच्याकडे पिक्चर सांगत. गाव त्यांना 'सर' म्हणायचं. मास्तर नव्हते, बी. ए. अर्ध्यात सोडलेलं होतं; पण माईकवर बोलणाऱ्याला आणखी काय म्हणणार?

त्यांच्या तोंडी गेलं की अमेरिका आपल्याच तालुक्यात यायची. घोड्यावरचा बंदूकवाला म्हणजे फौजदार. गोळीबार झाला की, "याचा बांध त्यानं कोरलाय, म्हणून हे सगळं चालू हाय." पब्लिक लगेच बाजू घ्यायचं. चारठाण्याची एक म्हातारी लढाईचा पिक्चर बघून पदराने डोळे पुसत बाहेर पडली आणि मला म्हणाली, "कुणाचं का आसंना, लेकरू गेलं की रं."

एकदा हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर तावातावाने स्टुलाजवळ गेले. "अहो, तुम्ही सांगता त्यातलं एक अक्षर पडद्यावर नाही!"

"मास्तर, ते त्यांचं बोलायलेत," आमचे सर शांतपणे म्हणाले, "मी माझं सांगायलोय."

चुंबनाचा प्रसंग आला की मात्र ते चष्मा काढून पुसायला घेत. "इथं सांगण्यासारखं काही न्हाई. तुमचं तुमी बघा." लोक शिट्ट्या मारत. यांचा चष्मा पुसून संपतच नसे.

एकदा मी विचारलं होतं, "सर, माईक चालूच असतो की. मग टकटक कशाला?"

"आत कुणी हाय का बघतो," म्हणाले. मी हसलो, ते हसले नाहीत. ते एरवीही फारसे हसत नसत, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक पिक्चरला मालक त्यांना एक फुकट पास देत. तो ते पाकिटात घालून, वर सुंदर अक्षरात काहीतरी लिहून, येलदरीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत. आणि पुढून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची आठवडाभर मोकळी ठेवायला मला सांगत. ती खुर्ची राखता राखता माझा जीव जायचा. टाकीज भरलेलं असलं की लोक अंगावर यायचे. पास घेऊन कोणी कधीच आलं नाही. आता पुरुषमाणूस एकटा राहतो, खानावळीत जेवतो आणि दर आठवड्याला येलदरीला पाकीट धाडतो, याचा अर्थ मी काय काढणार? तुम्हीही तोच काढला असता.

"सर, येलदरीच्या वहिनी कधी यायच्यात?"

"बघू," म्हणत.

तोवर गावात व्हिडिओची दोन दुकानं निघाली होती आणि आमच्या टाकीजात कबुतरं जास्त, माणसं कमी अशी गत झाली होती. अशात मालकांनी कुठूनसा एक चावट पिक्चर आणला. कॉलेजातले चार दोस्त उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठी एक घर भाड्याने घेतात आणि तिथे नको ते उद्योग करतात, एवढीच गोष्ट. कपडे कमी, किंचाळणं फार. वर 'फक्त प्रौढांसाठी' आणि खाली मोठ्या अक्षरात 'भाग दुसरा'.

"ह्याच्यात चष्मा पुसायचा न्हाई," मालकांनी बजावलं. "तिखटमीठ लावून सांगायचं. जमत नसंल तर माईक दुसऱ्याला देतो."

सर मान खाली घालून बाहेर आले. मी म्हणालो, "द्या सोडून. आपल्याला काय करायचंय असल्या कामाला?" मला खरंच कंटाळा आला होता, स्वतःचाही आणि टाकीजचाही.

"माईक गेला तर पास कुठून पाठवू?" ते म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी पहिला खेळ. जिंतूर तालुका लोटला होता. भले भले लोक तोंडावर उपरणं घेऊन आत शिरत होते आणि आत एकमेकांना ओळखत होते. पिक्चर सुरू झाला. पडद्यावर चौघे गाडीतून उतरले, घराकडे बोटं दाखवून हसू लागले. आम्हाला काहीच कळेना. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ सर, दुसरा भाग ऱ्हाऊ द्या! पहिल्यात काय झालं ते सांगा आधी!"

टकटक झाली.

"थांबा मंडळी. पहिला भाग मला माहीत हाय," ते म्हणाले. "पहिल्या भागात हे चौघं औरंगाबादला एका खोलीत राहायचे."

लोक खो खो हसले. ते थांबले नाहीत. चौघांत मिळून एकच इस्त्रीची टेरिलीनची पँट होती. ज्याची पाळी असेल तो ती घालून लेडीज हॉस्टेलवरून चक्कर मारायचा, उरलेले तिघे लुंग्यांवर खोलीत बसून त्याची वाट बघायचे. त्यांतला एक उंच होता, त्याला ती पँट घोट्याच्या वर यायची, तर पोरींनी त्याचं नाव 'पाटाचं पाणी' ठेवलं होतं, कारण पाणी आल्यासारखी पँट वर. पडद्यावर उघडीनागडी मजा चालली होती आणि पत्र्याखालचं घामाघूम पब्लिक त्या एका पँटीला टाळ्या देत होतं. रोज नवा प्रसंग. स्टोव्हवर पिठलं कोणी जाळलं, राणीसावरगावहून आलेला लाडवांचा डबा कोणी एकट्याने खाल्ला. बघितलेले लोक पुन्हा येऊ लागले, पहिल्या भागात पुढे काय झालं ते ऐकायला. एसटीतही त्याच पँटीच्या गोष्टी चालायच्या, थेट येलदरीपर्यंत. मालक खूश होते. ती पँट खरंच कुणाची तरी होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

गुरुवारी शेवटचा खेळ. गर्दीत मी मान वर न करता तिकिटं फाडत होतो. इतक्या वर्षांत माझी नजर लोकांच्या हातापलीकडे जात नसे. एका हाताला ग्रीसचा वास होता आणि त्यात तिकीट नव्हतं, पाकीट होतं, आत पास. वर सरांचं अक्षर. मी दचकून मान वर केली. वहिनी नव्हत्या. येलदरीच्या वीजघरातल्या कामगारांचा असतो तसा खाकी शर्ट घातलेला, पस्तिशी ओलांडलेला एक उंच माणूस होता. मी तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं.

"इथंच उभा राहतो," तो म्हणाला आणि दाराशेजारी भिंतीला टेकला.

सरांनी त्याला पाहिलं नव्हतं. अंधार होता. त्यांनी टकटक केली आणि सांगायला लागले. "आज पहिला भाग संपतो, मंडळी. खोलीच्या दारावर चौघांची नावं रंगानं लिहिलेली होती. नावावरून कोण कुठला ते कळायचं. चौथा बौद्धवाड्यातला होता, उंच. मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला."

 नामांतर अजून व्हायचं होतं. दंगलीचं ते वर्ष आमच्यातल्या कोणीच विसरलेलं नव्हतं. पडद्यावर चौघे पाण्यात उड्या मारत होते.

"तो गावाकडे गेलेला. इकडे टोळ्या दारं बघत फिरायलेत असं कानावर आलं. दोघं खोली सोडून पळाले. मी ब्लेड घेतलं आणि दारावरचं त्याचं नाव खरवडून काढलं. त्याला काही होऊ नये म्हणून. पाचव्या दिवशी तो आला, ट्रंक घेऊन. मी खिडकीतून बघितलं. तो दारापुढे उभा होता. नाव होतं तिथं पांढरं लाकूड. मला वाटलं, कडी वाजवील, मग सांगतो त्याला. पण त्यानं कडी वाजवलीच न्हाई. तसाच गेला."

"वाजवली होती रे," माझ्या शेजारून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "दोनदा वाजवली होती."

सर स्टुलावर तसेच बसून होते. माईक चालू होता, त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता.  एकानेही शिट्टी मारली नाही.

"ऐकली होती," ते शेवटी म्हणाले. "भ्यालो होतो."

शेजारचा माणूस दार लोटून बाहेर गेला. सर स्टुलावरून उतरले, माईकच्या वायरीत अडखळले आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत त्याच्या मागे धावले. माझ्या अंगावरून गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

त्यानंतर ते माईकवर कधी बसले नाहीत. मालकांनी दुसरा माणूस आणला. तो पडद्यावरच्यांच्या आधीच बोलायचा, त्याला कोणी ऐकलं नाही. पुढे टाकीजही बंद पडलं. ते कुठे असतात याची मी फार चौकशी केली नाही. मला त्यांची आठवण येते, आणि इतकी वर्षं त्यांच्या दुखण्याची मी थट्टा करत होतो याची लाज वाटते. हे सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मीही दाराबाहेर आलो होतो. समोरच स्टँड. येलदरीची गाडी लागलेली होती. तो उंच माणूस चढला, पण त्याने दार लावून घेतलं नाही. एक हात बाहेर काढून ते धरून ठेवलं. सर खाली रस्त्यावर उभे होते. त्यांचा पाय उचलत नव्हता. कंडक्टर ओरडत होता.

माझ्यामागे पब्लिक गोळा झालं होतं. पिक्चर आत एकटाच चालू होता. "काय झालं ओ? पुढं काय झालं?" एकाने माझा खांदा हलवला.

"थांबा," मी म्हणालो, "त्यांचं होऊ द्या."

गाडी निघाली तेव्हा दार बंद होतं, आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.