वळसेमामांचा वळसा

खाडीच्या मुखाशी होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे वळसेमामा म्हणत. पलीकडचा धक्का नाकासमोर दिसत असताना हा बाबा भरतीच्या वेळी होडी लांबून वळवून न्यायचा. कामाला निघालेले लोक वैतागत. "मामा, जगाची सैर घडवता की काय?" मामा ढिम्म.

कारण मामी. खाडीच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा होता. हिवाळ्यात चिमुकली पाखरं कुठून कुठून समुद्र ओलांडून यायची, नुसता हाडांचा सापळा होऊन. ओहोटीला चिखलात चोच खुपसून किडे वेचायची आणि भरतीनं चिखल बुडाला की त्या उंचवट्यावर एका पायावर पेंगायची. तेवढीच कोरडी जागा. होडी जवळून गेली की सगळा थवा उठे आणि खाल्लेलं उडण्यातच जिरून जाई. मग परतीचा पल्ला कशाच्या जोरावर गाठणार? मामींना मूलबाळ नव्हतं. त्या म्हणायच्या, "लेकी माहेरी आल्यात. झोपमोड करू नका हो त्यांची."

पुढे मामी अंथरुणाला खिळल्या आणि त्याच वर्षी मोठ्या बोटींसाठी यंत्रांनी तो उंचवटा खरवडून नेला. काठचा चिखलही भराव घालून बुजवला. याला सुधारणा म्हणतात, म्हणोत बापडे. हिवाळ्यात थवे आले, पाण्यावर घिरट्या घालत राहिले आणि गेले. कुठे, देव जाणे. मामांच्या तोंडून घरी हे निघेना. मामी रोज विचारत, "आल्या का?" मामा म्हणत, "आल्यात. अंगानं चांगल्या भरल्यात." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, पण हे मात्र बेमालूम जमलं.

एका सकाळी मामींना धाप लागली. दवाखाना पलीकडच्या तीरावर. मामांनी त्यांना होडीत निजवलं आणि होडी सरळ हाकली. मामींचे डोळे मिटलेले होते, पण होडीची चाल त्यांना पाठ होती.

"अहो, वळला नाहीत? भरती आहे ना? उठतील त्या."

मामांनी सुकाणू फिरवलं. मोकळ्या पाण्याला त्यांनी पुरता वळसा घातला.

"उठल्या का?"

"नाही. गाढ झोपल्यात."

मामींनी मान हलवली. होडी धक्क्याला लागेपर्यंत त्या गेल्या होत्या.

"थोडं आधी आणायचं ना, मामा," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "एवढा उशीर कसा झाला?"

मामांनी मामींचा पदर सारखा केला.

"वाटेत लेकी झोपल्या होत्या," ते म्हणाले.