स्पंजबाईंचा जांभळा

स्पंजबाईंना बरणीत जे रंग दिसत, ते आम्हा बाकीच्यांना कधीच दिसले नाहीत. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्राच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं आणि त्यात स्पिरिटमध्ये ठेवलेले समुद्रातले स्पंज मांडलेले होते. सगळे एकजात चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. बाई मात्र एकेका बरणीवर बोट ठेवून सांगायच्या, "हा नारिंगी. हा विटकरी. हा तव्यावानी काळा. अन् हा जांभळा!" मुली तोंडाला ओढणी लावून हसत आणि चित्रात खुशाल तपकिरी रंग भरत.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायची. कटंगीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, गावात नवखी, म्हणून बाईंनी मला आपल्या छत्राखाली घेतलं होतं. मुली त्यांना 'स्पंज बहनजी' म्हणत आणि आम्ही शिक्षिका स्पंजबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना कौतुकच होतं. "त्याले तोंड नाही, डोये नाही, पाय नाही," त्या म्हणायच्या, "बसल्या जागी पाणी गाळते अन् जगते. मास्तरणीचा जलम दुसरा काय असते वो?"

नागपूरला शिकत असताना त्यांच्या प्राध्यापकांनी वर्गाला रामेश्वरच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथल्या उथळ समुद्रात गवताची कुरणंच्या कुरणं आहेत. त्या गवताच्या पात्यांना लपेटून, मुळांशी बसून, वाळूत रुतून फक्त नळ्या वर काढून, किती तऱ्हांचे स्पंज राहतात, हे बाईंनी तिथं पाहिलं आणि त्या कायमच्या वेड्या झाल्या. पुढं त्यावरच काम करायचं होतं. पण आई वारली, वडील एकटे पडले, आणि बाई परत येऊन आमच्या शाळेत रुजू झाल्या. त्या सफरीतले स्पंज तेवढे बरोबर आले होते.

समुद्रात गवत उगवतं हे काही आमच्या मुलींच्या पचनी पडत नसे. म्हणून रोवणी झाली की बाई वर्ग घेऊन गावाबाहेरच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, जात. पाण्यानं भरलेल्या बांधीत मुलींना धुऱ्यावरून, कडेच्या बांधावरून, वाकायला लावत. "वरून नुसतं हिरवं दिसते. खाली पाहा. गवत पाण्याले थांबवते, गाळ धरते, मंग त्याच्या आसऱ्यानं सारे येऊन राहतात. तिथंही असंच आहे." मग त्या गोगलगाय, बेडकाची पिल्लं, पाणकिडे दाखवत. एकदा परत येताना त्या माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "कुसुम, मलेच आता शंका येऊन राह्यली. रंग स्पिरिटमधी उतरतात, हे ठाऊक आहे. पण जांभळा खरंच होता का? का मीच सांगून सांगून जांभळा केला?"

त्या दिवसापासून मला त्यांचं हसू येईनासं झालं. इतकी वर्षं जे छातीठोकपणे शिकवलं तेच खोटं निघालं तर, ही धास्ती त्यांना आतून खात होती. तिथं जाऊन पुन्हा पाहणं, एवढा एकच इलाज होता. पण मुलींना समुद्रातलं गवत बघायला कोण पाठवणार? तीर्थाला मात्र पाठवतात. बाईंनी शांतपणे रामेश्वरची सहल जाहीर केली आणि पालकांची रांग लागली.

वादळ उठलं ते त्यांच्याच मोहल्ल्यात. बाईंचे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, धान गिरणीत हमाली करून पोरीला शिकवणारे गृहस्थ. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं वैनगंगेत सोडले होते. मी त्यांच्या घरी बसलेली असतानाच ते बाईंना म्हणाले, "देव सोडले आपण, अन् तू पोरी घेऊन रामेश्वरले चालली? लोकाइले काय सांगू मी?"

"देवळात नाही जात बाबा. कुरण पाहाले जातो."

"काहून? कुरण इथं नाही का?"

बाबांनी अबोला धरला, तो आम्ही निघालो त्या दिवशीही सोडला नाही.

त्यात एका आजीबाईंनी शिवावर वाहायला गंगाजलाचा तांब्याचा गडू बाईंच्याच हाती दिला. बाईंनी तो गोंदियाला गाडीत बसल्यापासून थेट रामेश्वरपर्यंत मांडीवर सांभाळला आणि देवळाच्या दारात माझ्या स्वाधीन केला. आम्ही आत गेलो. त्या बाहेर आमच्या चपला राखत बसल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो. बाई मात्र काठावरच थांबल्या. "तूच पाह्य आधी. मले धीर नाही होत." मी वाकले. आधी नुसतं गवत दिसलं, आणि डोळे सरावले तसे रंग उघडत गेले. पात्याला चिकटलेला नारिंगी, मुळांशी विटकरी, पलीकडं तवा पालथा घातल्यासारखा काळा. मी ओरडून एकेक सांगत होते.

"अन् जांभळा?"

"नाही दिसत, बाई."

मग त्या स्वतःच उतरल्या. सगळ्याच गवत बाजूला सारत शोधू लागल्या. भरतीचं पाणी परत चढायला लागलं आणि मी मुलींना बाहेर बोलावणार, तोच लांबून एकजण किंचाळली, "बहनजी! बैंगनी! एकदम बैंगनी!"

बाई धावल्याच. पाण्यावर तोंड टेकेल इतक्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. वर आल्या तेव्हा गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते सगळंच समुद्राचं नव्हतं. "होता ना वो? खोटं नोतं शिकवलं मी."

मुलीनं तो उचलायला हात घातला. बाईंनी मनगट धरलं. "राहू दे. पाण्याबाहेर काढला का मरते."

"पर बहनजी, लोग मानेंगे कैसे?"

"तू सांगजो ना. तू पाह्यला."

परतल्यावर बाईंनी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "म्हंजे बांधीच म्हण ना." अबोला सुटला.

पुढं काही वर्षांनी बाई दुखण्यातून उठल्या नाहीत. माझं माहेरचं माणूस गेल्यासारखं झालं. त्यानंतर एक दिवस बाबा शाळेत आले आणि मला म्हणाले, "तो जांभळा दाखव." मी बरणी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि बराच वेळ बघत राहिले. वर्गातल्या नव्या मुली भोवती जमल्या. एक म्हणाली, "दादाजी, ये तो भूरा है."

"भूरा नाही, बेटा," बाबा म्हणाले. "जांभळा आहे. माह्या पोरीनं पाह्यला."