हा वाटा कोणाचा

भंडारा रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा आमच्या सामानात पोहण्याचे चष्मे, फोमच्या पाट्या, अर्धवट वाळलेले टॉवेल आणि मिलिंदने रात्रभर जिवापाड जपलेला चिवड्याचा डबा होता. आमचा एकूण अवतार पाहून एका रिक्षावाल्याने विचारलं, "नाटक कंपनी होय का जी?" दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. "तसंच समजा," मिलिंद म्हणाला आणि डबा घेऊन पुढच्या सीटवर चढून बसला.

आम्ही पोहणारे. पुण्यात एका भाड्याच्या स्विमिंग पुलावर सकाळी सकाळी जमतो. आमच्यात गे आहेत, लेस्बियन आहेत, ट्रान्स आहेत, आणि एक साधंसुधं नवरा-बायकोचं जोडपं आहे, ते दुसरीकडे इतकं हसायला मिळत नाही म्हणून येतं. सगळेच वाढत्या वयाचे आणि वाढत्या पोटाचे. मी शाळेत भूगोल शिकवते, घरी माझी अनघा असते, आणि पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं. अनघाने अजून घातलेलं नाही, ती काठावर बसून पेपर वाचते. मला पोहायला शिकवलं रंजनाने. ती आमची मोठी कोच, मिलिंद धाकटा. मिलिंद स्पर्धांतून पोहून आलेला, त्याला सगळं घड्याळावर लागतं. रंजना मात्र तलावात वाढलेली. ती काठावरून नुसते पाय पाहून सांगते की आज तुमचं घरी भांडण झालेलं आहे.

हा तलाव पाहायलाच आम्ही निघालो होतो. तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडे, तिचं गाव. घर ढिवरांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं.

भंडाऱ्यात तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. मी पुणेरी तोऱ्यात "तिखट चालेल" म्हणून बसले आणि पुढचा अर्धा तास नाक पुसत पितळी भांड्यांच्या दुकानांसमोरून फिरले. एका दुकानातून अनघासाठी छोटा गडवा (तांब्या) घेतला. दुकानदार म्हणाला, "बाईले जास्त लागली वाटते तर्री. पानी पाजू का?" मग मला पाणी दिलं, आणि माझ्यावर हसून हसून दमलेल्या मिलिंदलाही दिलं.

जीप तुमसरकडे लागली. दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, बांध्यांत पुंजणी (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंजी) उभी. गाडीत विषय निघाला घरच्या नावांचा. मी विद्या, पण घरी अजून बेबी. मिलिंद घरी बंड्या. असे सगळ्यांचे एकेक पितळ उघडे पडत गेले आणि गाडी हसण्याने हलायला लागली. रंजनाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला घरचं नाव नाही. माझं नाव मीच ठेवलं ना. ते लाडानं मोडायला कोणी नव्हतंच."

मग तिनेच पुढचं सांगितलं. ती मुलगा नाही, मुलगी आहे हे घरी सांगितल्यावर बरीच वर्षं जाणं-येणं तुटलं होतं. आता ती जाते, आई जवळ घेते, बाबा जेवलीस का विचारतात. पण बाबांनी तिचं नाव कधी घेतलेलं नाही. जुनं नाही आणि नवंही नाही. "ओ" म्हणतात, "ऐक" म्हणतात, कधी नुसतं खाकरतात.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई सगळ्यांनाच 'माय' म्हणते. शेळीलासुद्धा."

आणि या वेळी अडचण अशी होती की बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "या सगळे. जाळं ओढायले मानसं पाहिजेतच." गावात रीत अशी की जो जाळ्याच्या दोराला हात लावेल त्याला मासळीत वाटा. वाटे पळसाच्या पानांवर मांडतात. एक जण तलावाकडे तोंड करून, वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो, त्याचा तो वाटा. म्हणजे पक्षपात नको. नाव घेतलंच पाहिजे, त्याचा-तिचा, ओ-ऐक काही चालत नाही. ज्याचं नाव निघालं नाही त्याचा वाटा परत पाण्यात. गेली कित्येक वर्षं पाठमोरे बसतात ते रंजनाचे बाबाच. म्हणून घरी जायला लागल्यापासून रंजनाने जाळ्याला हातच लावला नव्हता.

"मग उद्या?" मिलिंदने विचारलं.

"उद्या लावणार," ती म्हणाली. "जुनं नाव घेतलं तर मात्र मी वाटा उचलणार नाही."

गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. तलाव पाहिला आणि माझा सगळा भूगोल थिटा पडला. एका बाजूला जंगल, एका बाजूला मातीची लांबच लांब पाळ, मध्ये शिंगाड्याचे वेल पसरलेले आणि पाणी इतकं शांत की बोलायची लाज वाटावी. रंजनाच्या आईने आम्हाला ओळीने "ये माय, बस माय" केलं, त्यात मिलिंदही माय झाला. जेवायला भात, झिंग्यांचा रस्सा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. मी इतके वडे खाल्ले की दुसऱ्या दिवशी तरंगायची चिंता वाटायला लागली.

जेवणं झाल्यावर सोमाजीबाबा, म्हणजे रंजनाचे वडील, आमच्यासमोर येऊन बसले. काटक माणूस, खांद्यावर दुपट्टा. वाट्याच्या वेळी लागतील म्हणून एकेकाचं नाव विचारून ते दोनदा घोकत होते. "तुमी विद्याबाई. मास्तरीण. हं. तू मिलिंद." ओळीच्या शेवटी रंजना बसली होती. तिच्यापाशी आले, क्षणभर थांबले, आणि "झोपा आता, सकाळी थंडी रायते," म्हणून उठून गेले. मला त्यांचा राग आला. रंजना मात्र ताटं गोळा करायला लागली.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. तलावाच्या एका कोपऱ्याच्या तोंडाशी जाळं आडवं लावलं होतं, त्याला वरून वाळलेले भोपळे बांधलेले. आम्ही कोपऱ्याच्या आतल्या टोकाला उतरायचं, हातपाय आपटत जाळ्याकडे जायचं, म्हणजे मासे घाबरून पुढे पळतात. तिथे पोचलो की थांबायचं आणि दोर ओढायला लागायचं. सोपं काम. बाबा डोंग्यात (झाडाच्या खोडाच्या होडीत) उभे होते.

पाणी पाहून आमच्या अंगात आलं. रंजना सर्वांत पुढे, मागे आम्ही, एकामागे एक, अगदी पुलावरच्यासारखे. असा काही धुडगूस घातला की मासे खरंच जाळ्याकडे पळाले. रंजनाचा हात भोपळ्याला लागला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती गर्रकन वळली आणि परत निघाली. तिच्या मागे मिलिंद भोपळ्याला हात लावून वळला. त्याच्या मागे मी. पुलावर भिंत आली की वळायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. आम्ही सगळे दणादणा पाय मारत परत निघालो आणि जाळ्याशी आलेली मासळी आमच्यापुढे तितक्याच जोरात परत निघाली.

"आता वापस कायले चालले बापा!" डोंग्यातून बाबा ओरडले. मग, "ओ! ओ, थांब!"

या "ओ"ला आम्ही सगळ्यांनी माना वर काढल्या. जिला थांबवायचं होतं ती तेवढी पुढे पोहत गेली, कारण "ओ" कोणीही असू शकतं. ती आतल्या टोकाला पोचून पुन्हा वळली तेव्हा तिला सगळे पाण्यात उभे दिसले आणि पाळेवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसताना दिसल्या. मग ती अशी हसली की नाकातोंडात पाणी गेलं.

बाबा डोंगा वल्हवत तिच्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "हे पोहून राहिले का झाडून राहिले? एकदा इकून, एकदा तिकून."

"बाबा, या लोकायले भिंतीची सवय हाय," रंजना म्हणाली. तिच्या तोंडून तिकडची बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

"मंग भिंत विसराले सांग. तुह्यं ऐकते ते."

दुसऱ्या खेपेला रंजना जाळ्यापाशीच थांबली आणि जो जो पोचेल त्याला "धर! वळू नको!" म्हणून भोपळ्याला लटकावत गेली. बाबा डोंग्यातून तिला सांगत, ती आम्हाला सांगे. डावीकडे, हळू, आता दोर घ्या. रोहू आणि कतला जाळ्यात उड्या मारायला लागले, एक माझ्या गालावर चपराक देऊन गेला. दोर ओढताना माझ्यापुढे रंजना होती. तिने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

पाळेवर पानं मांडली गेली, वाटे पडले. रंजनाचा चुलतभाऊ अशोक काठी घेऊन उभा राहिला. तो म्हणाला, "काका, आज तुमी ओले झाले, थंडी वाजते. मी बसतो पाठमोरा."

मला वाटलं, सुटका झाली त्यांची. रंजनाने मान खाली घातली.

"तू काठी धर," बाबा म्हणाले. "थंडी अंगाले हाय, तोंडाले नाही." आणि तलावाकडे तोंड करून बसले.

"हा कोणाचा?" "अशोकचा." "हा?" "मिलिंदचा." माझंही नाव आलं, विद्याबाईचा, मी पान उचललं. वाटे संपत आले. अशोकने एका वाट्यावर काठी ठेवली. "हा कोणाचा?"

बाबांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. आई पदर धरून उभी होती.

"रंजीचा," ते म्हणाले. मग तलावाकडेच बघत जरा मोठ्याने, पाळेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या रंजीचा."

त्यांनी नुसतं नाव घेतलं नव्हतं, मोडलं होतं. मला रडू आलं आणि मी ते खुशाल येऊ दिलं. रंजना पानाजवळ बसली, पण तिला ते उचलता येईना. शेवटी आई म्हणाली, "उचल माय, मुंग्या लागतीन." तेव्हा कुठे ती उठली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पुढचे वाटे राहिले होते ना.

परतीच्या गाडीत आम्ही सगळे तिला रंजी म्हणण्याची संधी शोधत होतो. ती खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं नाटक करत होती. घरी आल्यावर अनघाला गडवा दिला आणि सगळं सांगितलं. लहानपणापासून बेबी म्हणतात म्हणून मी किती चिडत आले आहे. पण घरची माणसं आपलं नाव मोडतात, कारण ते त्यांचं झालेलं असतं, हे त्या पाळेवर कळलं. अनघा म्हणाली, "मग आता चिडू नकोस, बेबी."

पुढच्या सरावाला मिलिंदने धीर केला. काठावर उभ्या असलेल्या कोचला तो म्हणाला, "रंजी, आज किती फेऱ्या?"

तिने शिट्टी तोंडातून काढली. "इथे रंजना मॅडम. ते नाव बाबांचं आहे." आणि मग हसू दाबत म्हणाली, "तुझ्या दहा जास्त. भिंत आली की वळ, बंड्या."