ज्योतीखालचं एकच नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे. राग येतो म्हणून. कुणाचा? ऐका.

बहात्तरचा दुष्काळ पडला होता. मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावातली माणसं खडी फोडायला जात होती, आणि सोसायटीचे चेअरमन आबा हुतात्म्यांचं स्मारक उभारत होते. वर दगडी ज्योत, खाली नाव. रझाकारांनी ओढ्यात दोघांना गोळ्या घातल्या होत्या — आबांचे चुलते, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतला गंगाराम, जो त्या चुलत्यांचे निरोप घेऊन रानोमाळ फिरायचा. दोघांची प्रेतं माझ्या वडिलांनी एकाच बैलगाडीतून आणली. म्हणजे माझ्यासाठी हे ऐकीव नव्हतं, घरातलं होतं.

मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. शाळेत मराठी शिकवायचो ना मी! दोन्ही नावं लिहिली. आबांनी कागद परत दिला. "गुरुजी, एकच नाव शोभतंय. वर ज्योत हाय की."

माझ्या धाकट्या भावाला सोसायटीत चिकटवायचं होतं. मी गंगारामचं नाव खोडलं. आबांनी धमकावलं का? छे! तेवढीही गरज पडली नाही.

मग गंगारामची बायको, सोनाबाई, शाळेच्या दारात आली. खडी फोडून हात सोललेले. "गुरुजी, ह्यांचं नाव हाय न्हवं?"

आणि मी — काय बोललो मी? "मावशी, ती ज्योत म्हणजे प्रतीक आहे. तिच्यात सगळेच आले."

ती म्हणाली, "सगळे आले, तर मंग त्या एकाचंच नाव कशाला?"

तास आहे म्हणून मी आत गेलो. तास नव्हता.

अनावरणाला भाषण माझंच. 'एकाकी झुंजलेला वीर' म्हणालो मी — एकाकी! वस्तीतली माणसं, आता बौद्ध झालेली, मांडवाबाहेर उन्हात उभी होती. सोनाबाई सगळ्यांच्या पुढं. टाळ्या पडल्या तशी ती पदर सावरून चालू लागली. तिच्यामागं अख्खी वस्ती गेली. भाऊ लवकरच कामावर लागला.

निवृत्त होईपर्यंत दर झेंडावंदनाला मी तेच भाषण केलं. सोनाबाई वारली, नाव काही लागलं नाही. आबाही गेले. त्यांच्यावर चिडणं सोपं आहे. पण त्यांना फक्त ते नाव नको होतं. त्या नकोपणाला देखणा शब्द मी पुरवला. आणि खरं सांगतो — ते प्रतीकाचं वाक्य सुचलं, तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.