परतघेऊ

नाटकाच्या थिएटरात मी आयुष्यभर नेपथ्य उभं केलं आणि पाडलं. प्रेक्षकांना नटाचं तोंड दिसतं, आम्हाला विंगेतून त्याची भिजलेली पाठ दिसते. कोण किती राबतो ते पाठीवरून कळतं.

हे गृहस्थ आले तेव्हा आम्ही त्यांना चार दिवसांचे पाहुणे समजलो. एकेकाळी सिनेमात त्यांचं नाव होतं. नाव कसलं, मरण होतं. मध्यंतराच्या आत ते मरायचे आणि पुढे हिरो त्यांचा सूड घ्यायचा. कधी बाप, कधी थोरला भाऊ, कधी प्रामाणिक फौजदार. लोक अजून रस्त्यात गाठून विचारायचे, "अहो, तुम्ही मेलात ना?" पडद्यावर की खरोखर, हे विचारणाऱ्यालाही धड ठाऊक नसायचं. पुढे हिरोंना बाप लागेनासे झाले आणि हे घरी बसले.

त्यांना नाटकात म्हाताऱ्याचं काम मिळालं, तेही दुसऱ्या अंकात मरणाऱ्याचं. निर्मात्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "प्रयोग पडला तर दुसरा माणूस घेईन. मागून रडायचं नाही." त्यांची बायको तालमीला सोडायला आली तेव्हा मला म्हणाली, "मिस्त्री, यांना इथेच ठेवून घ्या हो. घरी मला भाजी कशी चिरायची ते शिकवतात."

सिनेमाची सवय वाईट. वाक्य चुकलं की हे हात वर करायचे, "परत घेऊ" म्हणायचे आणि दारापासून पुन्हा चालत यायचे. आम्ही त्यांचं नावच परतघेऊ पाडलं. दिग्दर्शिका त्यांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, इथे परत नसतं. चुकलं तरी पुढे जायचं."

"आणि चुकलेलं?"

"ते तिथेच राहतं."

"हे फारच वाईट," म्हणाले आणि पुन्हा दाराकडे निघाले.

पण माणूस कामचुकार नव्हता. जिन्यात, कपडे बदलायच्या खोलीत, वाक्यं घोकणं चालूच असे. खरी मेहनत मरणाची होती. सिनेमात मेलं की लगेच उठून चहा. इथे पडदा पडेपर्यंत मुलं प्रेताशेजारी घरावरून भांडणार आणि हे निपचित पडणार. शिवाय तोंड मागच्या रांगेपर्यंत दिसावं म्हणून मी खाट डोक्याकडून चांगलीच उंच केलेली. अंग घसरू नये म्हणून मेलेल्याला टाचा रोवून धरावं लागे.

"मिस्त्री, मी मरतोय की कसरत करतोय?"

"दोन्ही. तोंडावर फक्त मरण दिसू द्या."

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं. अर्धे लोक हे अजून आहेत का ते बघायलाच आले असावेत. पहिला अंक हात वर न करता पार पडला. दुसऱ्यात डोळे मिटण्याआधी सुनेला "घर तुझं" एवढं म्हणायचं होतं. पुढचं सगळं भांडण त्यावरच उभं. ते मेले मात्र इतके झकास, की पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. हुंदका ऐकून हे खूश झाले आणि वाक्य न बोलताच गेले.

विंगेत दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. थोरला मुलगा ओरडला, "बाबांनी मरताना..." आणि तिथेच अडकला. मरताना बाबांनी काहीच केलं नव्हतं.

खाटेवर टाचा थरथरल्या. प्रेताचा हात वर गेला.

"परत घेऊ."

असा हशा उसळला की माझ्या नेपथ्याच्या भिंती हलल्या. सुनेचं काम करणारी बाई नाटकात मुरलेली. म्हणाली, "घ्या ना बाबा. सावकाश. काही राहिलं का?"

"घर तुझं," हे म्हणाले. मुलांकडे वळले, "हं, आता भांडा." आणि पुन्हा मेले.

पडदा पडल्यावर ते खाटेवरून उठेनात. "संपलं. उद्या दुसरा आणतील."

बायको म्हणाली, "अहो, एवढी वर्षं मरत आलात, कुणी टाळी वाजवली नाही. आज उठलात तर लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं."

मागून निर्माता आला. "रोज उठायचं. अगदी असंच." रडवायचं नाटक हसवायचं झालं म्हणून दिग्दर्शिका फुगली, पण तिकीटबारीपुढे तिचं चाललं नाही.

दुसऱ्या प्रयोगाला हे ठरल्याप्रमाणे उठले. कुणी हसलं नाही. एकजण खोकला, तेवढंच. निर्माता म्हणाला, "आणखी एकदा बघतो."

चूक एकदा कुणाकडूनही होते. तीच चूक रोज वेळेवर करणं हे अंगमेहनतीचं काम. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते हजर. "मिस्त्री, खाट लावा." रिकाम्या थिएटरात बायकोला खुर्चीवर बसवलं आणि मरून उठू लागले. ती दरवेळी मान हलवायची, "नाही हो. उठायची घाई दिसते." टाचा सोलून निघाल्या. तरी थांबले नाहीत.

संध्याकाळी ते मेले. थोरला मुलगा अडकायच्या जागी अडकला. खाटेवर हालचाल नाही. थोरल्याच्या कपाळावर खराखुरा घाम. सुनेने डोळ्यांनी विंगेत विचारलं. मी पडद्याच्या दोरीला हात घातला. दिग्दर्शिका माझ्या कानाशी पुटपुटली, "गेले की काय?"

तेव्हा हात वर गेला, आणि माझ्या भिंती पुन्हा हशाने हलल्या.

त्या दिवसापासून निर्मात्याने दुसऱ्या माणसाचं नाव काढलं नाही. आत आल्यावर मी विचारलं, "आज कसं जमलं?"

"आज उठायचंच नाही, असं ठरवून मेलो," म्हणाले आणि टाचांना लावायला तेल मागितलं.