लिपलेली शेगडी

मायचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी पंधरा दिवसांसाठी मोहाडीले आली, ते चार महिने झाले तरी इथंच. नागपूरले माझी खोली आहे, शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी आहे. मालकीणबाईनं शेवटचं सांगितलं, दिवाळी झाली का ये, नाही तर येऊच नको.

भाऊ शहापूरले राहते. मायले न्यायले त्याची ना नव्हती. पण माय गॅसवरचे दोन घास खाऊन ताट बाजूले सारे. म्हणे, "वास येते गॅसचा." डोंबलाचा वास! तिले हवी होती तिची कोळशाची शेगडी, चिनी मातीची, पांढऱ्यावर निळी वेल असलेली. ती आतून फुटून माळ्यावर पडली होती. भाऊ म्हणाला, "तू शेगडी धड करून दे, मायले अन् शेगडीले संगच नेतो."

मग काय, मी भिडली. वारुळाची माती चाळली, त्यात शेण अन् धानाचं तूस कालवून आतून अस्तर लिपलं. आठ दिवस सावलीत वाळवायचं असते. मले जायची घाई, मी उन्हात ठेवलं. संध्याकाळी पाहते तं चिराच चिरा! रडूच आलं मले. सगळं खरवडलं, तं खाली जुनी लिंपणं लागली, एकाखाली एक, तीन. मायले विचारलं तं तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्यांदा नीट वाळू दिलं. दिवाळीच्या चार दिवस आधी शेगडी पेटवली, भात अन् लाखोरीची डाळ केली. माय दोनदा मागून जेवली. भाऊही आला, बोटं चाटत जेवला अन् म्हणाला, "वा, जमली बाप्पा! पण हे तुह्या वहिनीच्यानं होणार नाही. माय आता इथंच बरी." हात धुतले अन् गाडीले किक मारून गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीनंच माझ्या हातानं माझी वाट लिपून टाकली होती. तशीच उठली अन् पाट्यावरचा वरवंटा उचलून शेगडीवर उगारला.

माय बाजेवरून पाहून राहिली होती. म्हणाली, "ते तीन लिंपणं माझेच आहेत."

"म्हणजे?"

"तुह्या आजीले हिच्यावरचंच जेवण लागे. मले बपेऱ्याले माहेरी जाऊ देत नव्हते. शेगडी फुटली तं सोडतील म्हणून तीनदा फोडली."

"मग?"

"मग काय. तीनदा मलेच लिपाले लावली."

माझा हात तसाच वर राहिला. मायनं ताट पुढं सरकवलं.

"वरून मारू नको, वरून फुटली तं लिपता येते. बुडात मार," ती म्हणाली. "पण आधी मले भात वाढ."