सुदामभाऊंचा उतार

सुदामभाऊ दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात वारले. त्याआधी, एप्रिलमधल्या एका सकाळी, त्यांच्या उतारावरचा स्टायलो जळाला होता. आग मी लावली होती.

आमचं गाव वडशाहून कुरखेड्याकडे जाताना जंगलाच्या कडेला आहे. आमचे शेजारी असलेले भाऊ रोपवाटिकेत चौकीदार होते. निवृत्त होताना त्यांनी तिथून ओंजळभर स्टायलोचं बी मागून आणलं. स्टायलो म्हणजे बारीक पिवळ्या फुलांचा, शेंगवर्गातला चारा. घरामागच्या मुरमाड उतारावर त्यांना तो पसरवायचा होता. दर पावसाळ्यात त्या उताराची माती वाहून खाली आमच्या धानाच्या बांधीत यायची, आणि उन्हाळ्यात त्यांच्या चांदी गायीला चारा नसायचा.

हे बी टणक सालीचं. पेरण्याआधी ते कढत पाण्यात बुडवावं लागतं. भाऊ पातेल्यातल्या पाण्याला बोट टेकवून झटकन काढायचे. ‘हाय रे!’ म्हणाले की पाणी तयार. मग बी टाकून मोठ्याने आकडे मोजायचे.

“काऊन भाऊ, बियाचा चहा करून राह्यले का?” शेजारी विचारायचे.

“तुले नाई देत. झोपलेलं बी हाय हे. चटका बसल्याबिगर उठत नाई.”

चांदीने सुरुवातीला स्टायलोला तोंड लावलं नाही. भाऊंनी तो धानाच्या तणसात मिसळून दिला. “नवी सून हाये ते. पहिल्या दिवशी कोन पोटभर जेवते?” तिसऱ्या वर्षी उतार झाकला गेला. त्या पावसाळ्यात आमच्या बांधीत पाणी आलं, पण माती आली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी सुटीवर घरी होते. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. आमचा मोह त्या उताराच्या पायथ्याशी आहे. जाळण्याआधी कडेने पाला झाडून मोकळा पट्टा काढायचा असतो. तो मी काढला नाही. वारा सुटला आणि आग वाळलेल्या स्टायलोत शिरली.

भाऊ पळसाची फांदी घेऊन धावत आले. आम्ही दोघांनी आग झोडपली. तोवर उतार वरपर्यंत जळाला होता.

“कोनं लावली वं पोरी?”

“माहीत नाई, भाऊ.”

“बरं,” ते म्हणाले.

उन्हाळ्याचा चारा गेला होता. आठवडाभरात त्यांनी चांदीला कुरखेड्याला मुलीकडे पोचवलं. त्यानंतर मी सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला आणि एकच विचारलं, “मोह किती पडला यंदा?” मी मोहाबद्दल बोलून परत आले.

जूनमध्ये भाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्यासाठीची वंदना झाल्यावर, त्यांच्या पत्नी शेवंताबाई मला म्हणाल्या, “त्यायले त्याच दिवशी समजलं होतं. आगपेटी तुह्या मुठीतच होती वं. मले म्हनत, पोरगी येईन सांगाले, तू नको इचारू.”

ऑगस्टमध्ये मी उतारावर गेले. राख पडलेल्या जागेत स्टायलो दाट उगवला होता. त्या वर्षी कोणी बी पेरलं नव्हतं. सप्टेंबरअखेर त्याला फुलं आली. चांदी अजून कुरखेड्यालाच आहे.